आधी पाण्याचा हिशेब, मग झाडांचा आकडा: छोट्या शहरात रस्त्याकडेची झाडं

बार्शी, करमाळा, जत, धाराशिव, बीड अशा कमी पावसाच्या गावांत रस्त्याकडेची झाडं पावसाळ्यात मरत नाहीत, ती मार्च ते मे या तीन महिन्यांत मरतात. जूनमध्ये हजार रोपं लावली जातात, ऑक्टोबरपर्यंत ती हिरवी दिसतात, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपं घालायची वेळ येते. म्हणून लावायची झाडं किती, हे रोपवाटिकेत रोपं किती आहेत यावर ठरवू नये. उन्हाळ्यात पाणी किती देता येईल, यावर ठरवावं.

हिशेब सोपा आहे. दहा हजार लिटरचा एक टँकर आठवड्यातले सहा दिवस रोज एक भरून खेप करतो असं धरा. आठवड्याला ६०,००० लिटर झाले. पहिल्या वर्षाच्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा ३० लिटर, म्हणजे ६० लिटर लागतात. दुसऱ्या वर्षाच्या झाडाला आठवड्यातून एकदा ५० लिटर. तिसऱ्या वर्षाच्या झाडाला पंधरवड्याला ८० लिटर, म्हणजे आठवड्याला ४०. दरवर्षी सारख्याच संख्येने झाडं लावायची ठरवली तर तिसऱ्या उन्हाळ्यात या तिन्ही वयांची झाडं एकाच टँकरवर असतात: ६०, ५० आणि ४० मिळून १५० लिटर. ६०,००० भागिले १५० म्हणजे ४००. त्यात पाइपची गळती, टँकर बंद पडण्याचे दिवस आणि सणाच्या सुट्ट्या धरल्या की हातात साडेतीनशे उरतात. एका टँकरमागे दरवर्षी नवी झाडं साडेतीनशे, त्याहून एकही जास्त नको. हजार लावून साडेतीनशे जगवण्यापेक्षा साडेतीनशे लावून तीनशेवर जगवणं शहराला स्वस्त पडतं आणि सावलीही लवकर मिळते.

जागा

पहिली चौकशी रस्ता कोणाचा याची. गावातून जाणारा रस्ता नगरपालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे विचारून लेखी परवानगी घ्या. नगरपालिकेत जाऊन विकास आराखड्यातली रस्त्याची रुंदी पाहा. आज नऊ मीटर असलेला रस्ता आराखड्यात पंधरा मीटर दाखवला असेल, तर झाड त्या पंधरा मीटरच्या कडेला बसलं पाहिजे. तसं केलं नाही, तर झाड भर सावली देऊ लागतं तेव्हाच रुंदीकरणात जातं.

मग रस्त्यावरून चालत जा आणि चुन्याने खुणा करा. विजेच्या खांबापासून ३ मीटर, पथदिव्यापासून ५ मीटर, चौकाच्या कोपऱ्यापासून १० मीटर, पाण्याच्या पाइपलाइनपासून किमान २ मीटर जागा सोडा. पाइप नेमका कुठून जातो ते नकाशापेक्षा पाणी सोडणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्याला नीट ठाऊक असतं, त्याला सोबत घ्या. मोठ्या झाडांत १० ते १२ मीटर, मध्यम झाडांत ७ ते ८, लहान झाडांत ४ ते ५ मीटर अंतर हवं. दाट लावून नंतर विरळ करू, असं ठरवलं जातं आणि नंतर कोणी विरळ करत नाही.

बाजारपेठेत खूण दुकानाच्या मधोमध करू नका, दोन दुकानांच्या सामाईक भिंतीच्या रेषेत करा. पाटी झाकली जाईल ही दुकानदाराची भीती खरी असते आणि रस्त्याकडेची कितीतरी झाडं याच भीतीपायी मरतात: कधी बुंध्याशी गरम पाणी, कधी मीठ, कधी खोडाची साल गोल सोललेली. भिंतीच्या रेषेत झाड असलं की दोन्ही पाट्या मोकळ्या राहतात. पाच-सहा वर्षांत फांद्या पाटीच्या वर जातात आणि दुकानाच्या पायरीवर सावली पडते, हे आधीच समजावून सांगा. ज्याच्या दारात झाड लावायचं त्याला विचारूनच खड्डा घ्या. ज्याने झाड नको म्हटलं त्याच्या दारात लावलेलं झाड शक्यतो जगत नाही.

कोणतं झाड कुठे

आपल्याकडे सावलीची खरी गरज एप्रिल-मेमध्ये असते. त्यामुळे फुलं किती देखणी यापेक्षा मेमध्ये झाडावर पानं असतात का, हा प्रश्न आधी. कडुनिंब आणि करंज या कसोटीला पुरेपूर उतरतात: दोघांनाही उन्हाळ्याच्या तोंडाला नवी पालवी येते आणि मेमध्ये गार सावली असते. मुरमाड, चुनखडीच्या जमिनीतही ती तग धरतात. वावळही मार्चपासून हिरवागार होतो, पण त्याला रुंद रस्ता हवा. बहावा ऐन उन्हात पिवळ्या घोसांनी लगडतो, मात्र तेव्हा त्याची पानं गळालेली असतात. तो दुभाजकाशेजारी, बागेच्या कडेला ठेवा, बसथांब्यावर नको. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण त्याला ओल लागते. नाल्याच्या किंवा तळ्याच्या काठच्या रस्त्यावर ते खुलतं, कोरड्या मुरमावर खुरटतं. बकुळ सदाहरित आणि शिस्तीत वाढणारी, पण फार सावकाश. जांभूळ उत्तम, फक्त जूनमध्ये फळांचा सडा पडून दुचाक्या घसरतात, म्हणून तो शाळेच्या कुंपणाच्या आतल्या बाजूने लावावा. वड, पिंपळ आणि उंबर यांना अरुंद रस्ता देऊ नका. गटाराच्या भिंती फुटल्या की दोष झाडाला लागतो आणि कुऱ्हाडही त्याच्यावरच चालते. नदीकाठ, बाजारतळ, मोठा चौक या त्यांच्या जागा.

तारांखाली मोठं झाड लावणं म्हणजे दर मे महिन्यात त्याचा शेंडा उडवण्याची सोय करणं. तिथे आपटा, कांचन, पारिजातक एवढीच उंची हवी.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचं लाकूड ठिसूळ, आणि वळवाच्या वादळात आधी त्याच्याच फांद्या पडतात. वाहनतळावर तो नको. खांबासारखा सरळ वाढणारा खोटा अशोक सावली जवळजवळ देतच नाही. कोनोकार्पस झपाट्याने हिरवा होतो म्हणून नर्सरीवाले सुचवतात, पण गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ती परागकणांचा त्रास आणि भूमिगत वाहिन्यांत शिरणारी मुळं या कारणांवरून. आपणही तो टाळावा.

एका रस्त्यावर दोन-तीन जाती ठेवा आणि संपूर्ण शहरात कुठलीही एक जात चौथाईपेक्षा जास्त होऊ देऊ नका. पिठ्या ढेकणाने मुंबईतली कितीतरी मोठी वर्षावृक्षाची (रेन ट्री) झाडं वाळवली. रांगच्या रांग एकाच जातीची असली की कीड एका झाडावरून दुसऱ्यावर सहज चालत जाते.

खड्डा

खड्डा एप्रिलमध्ये घ्या आणि महिनाभर उन्हात तापू द्या. हुमणी, वाळवीची वारूळं आणि तणांचं बी त्यात बरंच कमी होतं. माप १ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल. शेतात लहान खड्डा चालतो, कारण भोवतालची माती भुसभुशीत असते. रस्त्याकडेला मात्र चहूबाजूंनी रोलरने दाबलेला मुरूम आणि खडी असते. पहिली तीन-चार वर्षं झाडाला मिळणारी सगळी माती म्हणजे तो खड्डाच. खोली कमी करावी लागली तर करा, रुंदी कमी करू नका, कारण अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात.

ट्रॅक्टरच्या गिरमिटाने एक फुटी भोकं पाडून दिवसाला शंभर खड्डे होतात, पण ती पद्धत रस्त्याकडेला चालवू नका. काळ्या मातीत गिरमिटाने भोकाच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात. मुळं तिथपर्यंत येऊन वळतात आणि कुंडीत असल्यासारखी गोल फिरतात. जेसीबीने घेतलेल्या खड्ड्याच्या भिंतीही पहारीने ठिकठिकाणी खरवडून घ्या.

खोदताना वरच्या फूटभराची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा. डांबराचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा आणि प्लास्टिक उचलून न्या. सिमेंटच्या राड्याने माती अल्कधर्मी होते, पानं पिवळी पडतात आणि मग लोक खत वाढवत बसतात. भरणीचं प्रमाण असं: तीन भाग माती (वरची माती, कमी पडली तर पोयटा म्हणजे गाळाची माती), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि वर अर्धा किलो निंबोळी पेंड. काळी चिकण माती असेल तर एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा त्याला शेणाचा वास येत असेल, तर ते कच्चं आहे. कच्च्या शेणाने वाळवी येते आणि कोवळी मुळं करपतात.

काळ्या मातीत खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो, हे लक्षात घ्या. लावण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल, तर तळाला पहारीने आणखी दोन-तीन भोकं पाडून त्यांत मुरूम भरा आणि झाड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच लावा.

रोप

फूटभर उंचीचं रोप जंगलात चालतं, रस्त्यावर नाही. सहा ते आठ फूट उंच, अंगठ्याएवढं जाड खोड असलेलं, एकच सरळ शेंडा असलेलं दोन-तीन वर्षांचं रोप घ्या. आठ फुटांहून उंच रोप छोट्या पिशवीत असेल तर परत द्या. पिशवीतली मुळं वेटोळी घालून बसलेली असतात आणि असं झाड दहाव्या वर्षी वादळात मुळासकट उलटतं. गाडी भरण्याआधी चार-पाच पिशव्या फाडून पाहायला नर्सरीवाल्याला सांगा. पांढरी, बारीक, बाहेरच्या बाजूने दिसणारी मुळं चांगली. करंगळीएवढं जाड मूळ गोल फिरलेलं दिसलं तर तो लॉटच नको. हव्या त्या संख्येपेक्षा दहा टक्के रोपं जास्त घ्या. ती वेगळी सावलीत सांभाळा आणि ऑगस्टमध्ये मेलेल्या झाडांच्या जागी लावा.

उघड्या ट्रकमधून ताडपत्रीशिवाय रोपं आणली तर वाऱ्याने पानं वाळतात. आणल्यावर आठवडाभर लावायच्याच गावात ती पाणी देऊन ठेवावीत.

लावणी

पहिला पाऊस पडला की धावू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाली की लावा. आपल्या भागात तो काळ जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत येतो. दिवस ढगाळ असला तर उत्तम, नसला तर दुपारी चारनंतर.

१. खड्डा पाऊण भरा आणि पायाने दाबा. सैल भरलेला खड्डा पहिल्या पावसात खचतो, झाड त्याच्यासोबत खाली जातं आणि खोडाशी पाणी साचून साल कुजते.

२. पिशवी ब्लेडने दोन बाजूंनी उभी कापा, ओढून काढू नका. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटली की बारीक मुळं तुटतात. तळाशी वळलेली मुळं बोटभर कापून टाका. पिशवी खड्ड्यात ठेवायची नाही, सगळ्या पिशव्या मोजून परत न्यायच्या. किती झाडं पिशवीसकट लावली गेली, ते तेव्हाच कळतं.

३. खोड आणि मुळं जिथे मिळतात तो फुगीर जोड जमिनीच्या पातळीवर किंवा दोन बोटं वर राहिला पाहिजे. झाड घट्ट बसावं म्हणून खोल गाडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. ती एका वर्षात कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड कारणाशिवाय सुकल्यासारखं वाटतं.

४. माती थोडी-थोडी टाकून टाचेने दाबा. लगेच २० लिटर पाणी घाला, पाऊस पडत असला तरी. पाण्याने माती मुळांना चिकटते आणि आतल्या पोकळ्या भरतात.

५. हुंडीच्या बाहेर, झाडाच्या दोन बाजूंना आठ फुटी बांबू दोन फूट खोल ठोका. खोडाच्या निम्म्या उंचीवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. झाडाला थोडं हलू दिलं पाहिजे, हलण्यानेच खोड जाड होतं. नायलॉनची दोरी आणि तार अजिबात नको, वर्षभरात ती सालीत रुतते.

६. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर वीतभर उंच कडेचं आळं करा. आत तीन-चार बोटं जाड पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, मात्र खोडाभोवती एक वीत जागा मोकळी ठेवा.

जाळी शेळीसाठी पाच फूट आणि गाईसाठी सहा फूट हवी, व्यास दोन फूट. लोखंडी जाळीला पैसे नसतील तर तीन बांबू उभे करून बाभळीच्या फांद्या काटे बाहेर ठेवून बांधा. दोन वर्षं ते चांगलं टिकतं. जाळीवर देणगीदाराची पाटी लावायची तर झाडाच्या दक्षिण किंवा पश्चिम बाजूला लावा, म्हणजे कोवळ्या खोडाला दुपारच्या उन्हापासून आडोसा मिळतो.

पाणी

पावसाळ्यात आठ दिवसांची उघडीप झाली की २० लिटर. ऑक्टोबर ते जानेवारी आठवड्याला एकदा २५ ते ३० लिटर. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा ३० लिटर. रोज तांब्याभर पाणी घालणारी माणसं मनाने चांगली असतात, पण त्या पाण्याने फक्त वरचे चार बोटं ओले होतात, मुळं वरच राहतात आणि एक आठवडा खंड पडला की झाड माना टाकतं. त्यांना सांगा: आठवड्याचं पाणी साठवून दोन दिवशी घाला. साबणाचं पाणी नको. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणीही एकटंच घालत राहू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

टँकरवाल्याकडे जाड पाइप असतो आणि जोरही असतो. मग आळं फुटतं, माती वाहून मुळं उघडी पडतात. पाइपच्या तोंडाला गोणपाट बांधा आणि पाणी आळ्याच्या कडेला सोडायला सांगा, खोडावर नाही. पेव्हर ब्लॉक असलेल्या रस्त्यावर लावणीच्याच वेळी चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा हुंडीच्या बाजूला उभा पुरा. त्याला बाजूंनी भोकं पाडा आणि आत खडी भरा. पाणी सरळ मुळांच्या पातळीला जातं, उन्हाने उडत नाही. जिथे टँकर पोचतच नाही अशा गल्लीत झाडापासून फूटभर अंतरावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. तळाला बारीक भोक पाडून सुती वात ओवा आणि तोंडावर झाकण ठेवा, डास होत नाहीत. भरण्याचं काम समोरच्या घराला द्यावं, ते करतात.

पाणी बरोबर पोचतं का, हे आळ्यात बोट घालून कळत नाही. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी एक बारीक सळई खुपसा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी लागली की अडते. दीड फूट गेली पाहिजे.

छाटणी आणि आजार

पहिल्या वर्षी छाटणी नाही, फक्त मोडलेली फांदी काढा. दुसऱ्या वर्षापासून एकच मुख्य शेंडा ठेवा, दोन सारखे असतील तर दुबळा काढा. खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या-थोड्या काढत वर न्या, पण एका वर्षी हिरव्या भागाच्या चौथाईपेक्षा जास्त नको. पादचाऱ्यांच्या बाजूला शेवटी आठ फूट आणि ट्रक-एसटीच्या बाजूला पंधरा-सोळा फूट मोकळं राहावं. वेळ थंडीच्या शेवटी, पालवी फुटायच्या आधी. एप्रिल-मेमध्ये कितीतरी पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा फक्त वाळलेली, धोक्याची फांदी काढावी आणि तीही घरटं पाहून.

जाड फांदी तीन कापांत काढतात. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून तिसऱ्या हिश्श्याइतका काप. मग त्याच्या दोन बोटं पुढे वरून काप, की फांदी साल न ओरबाडता पडते. मग उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर वळ्याच्या बाहेर कापायचा. वळा कापला तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट लावू नका, झाड ती स्वतः बंद करतं.

कडुनिंबाचे शेंडे पावसाळ्याच्या अखेरीस तपकिरी होऊन वाळतात, तेव्हा घाबरून झाड तोडलं जातं. त्यामागे ढेकण्या हा कीटक आणि फोमॉप्सिस नावाची बुरशी असते. वाळके शेंडे काढून जाळून टाका. मोठं झाड बहुधा पुढच्या पालवीला सावरतं. बांडगूळ दिसलं तर नुसतं ओरबाडून काढू नका, त्याची मुळं फांदीच्या आत गेलेली असतात. त्या जागेच्या फूटभर खाली फांदीच कापा, आणि बांडगुळाला फळं धरायच्या आधी कापा, कारण ती फळं खाऊन पक्षी बी पुढच्या झाडावर नेतात.

बांबू दीड वर्षाने काढा. जाळी चौथ्या वर्षी, खोड आणि जाळी यांत चार बोटं अंतर असतानाच काढा. लोखंड सालीत गेल्यावर ते गॅसकटरनेही नीट निघत नाही. काढलेली जाळी रंगवून पुढच्या झाडाला.

रस्ता खोदला जातो तेव्हा

मोठ्या झाडाचा घात बहुधा नळयोजनेच्या, गटाराच्या किंवा केबलच्या चरीने होतो. चर खोडाला लागून गेली की एका बाजूची आधार देणारी मुळं तुटतात आणि पुढच्या पावसाळ्यात झाड दुसऱ्या बाजूला कोसळतं. काम सुरू होण्याआधी ठेकेदाराला भेटा. बुंध्यापासून किमान २ मीटरच्या आत यंत्राने खोदायचं नाही, हाताने खोदायचं आणि मनगटाएवढ्या मुळाखालून पाइप सरकवायचा. तोडावंच लागलेलं मूळ करवतीने सरळ कापायचं. जेसीबीने ओढलेलं मूळ फाटतं आणि ती फाट खोडापर्यंत जाते. चर त्याच दिवशी बुजवून पाणी घालायचं.

पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती चार फूट लांब-रुंद माती उघडी ठेवायला सांगा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तो अर्जाला जोडता येतो. तोडणीसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. म्हणून आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येक मोठ्या झाडाची नोंद आजच करून ठेवा: जात, छातीएवढ्या उंचीवरचा घेर, घर क्रमांक किंवा खांबाचा क्रमांक, अंदाजे वय आणि एक फोटो ज्यात शेजारची इमारत दिसते. ठेकेदार आल्यावर ही वही टेबलावर ठेवता येते.